दोनच सीटची गाडी

४ मार्च

ऑफिसातून दरवर्षी एक डायरी फुकट मिळते. आजवरच्या सगळ्या मी बायकोच्या हवाली केल्या. यंदाची मात्र ठेवून घेतली, कारण आज जे ऐकलं ते कुणाजवळ तरी बोलायला हवं आणि बोलायला माणूस नाही. म्हणजे माणूस आहे, शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय, पण तिला सांगायचं नाही.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल एवढीच समजूत. बाईंनी थेंब घातले, बाहेर बसवून ठेवलं, मग डोळ्यात दिवा मारून बराच वेळ गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळतो. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी बघायची, नुकसान किती ते ठरवायचं, गाडीच्या वयाचा घसारा वजा करायचा, उरेल ते कंपनीने द्यायचं, हे माझं काम. बॉनेटखाली डोकं घालून मीही असाच गप्प राहतो आणि शेजारी उभा असलेला मालक माझ्या तोंडाकडे बघत असतो.

"समोरचं अजून बरीच वर्षं स्वच्छ दिसेल," बाई म्हणाल्या. "पण कडा चालल्यात. दोन्ही बाजूंच्या, खालच्या, वरच्या. आणि तुम्हाला ते जाणवणार नाही. दिसत नाही तिथे काळं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो."

"गाडी चालवतो मी."

"आधी कडा किती उरल्यात ते मोजू. पुढच्या आठवड्यात या. तोवर चालवू नका. आणि येताना घरच्या कोणाला तरी आणा."

मी हो म्हटलं आणि गाडी चालवत घरी आलो. अगदी व्यवस्थित आलो.

सप्टेंबरात मला साठ पूर्ण होतील. साठीला लायसन नवं करावं लागतं आणि तेव्हा डोळे तपासतात. म्हणजे तोवरच काय ते. मला मरणाची इतकी भीती वाटत नाही, जितकी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची वाटते.

७ मार्च

कामात बरं वाटतं. आज गॅरेजमध्ये एक माल पोचवणारी व्हॅन होती. पुढचा उजवा कोपरा आत, दिवा फुटलेला. एका स्कूटरवाल्याला उडवलं होतं. स्कूटरवाल्याचा पाय मोडला, नशीब एवढ्यावर निभावलं.

व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तो अचानक समोर आला."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. सगळे हेच म्हणतात. माझं उत्तरही ठरलेलं. "अचानक कोणी येत नसतं. अचानक येण्याआधी तो कुठे होता?"

माणूस काही आभाळातून पडत नाही. तो कुठून तरी चालत, धावत, गाडीवरून येत असतो आणि आपण दुसरीकडे बघत असतो. रिपोर्टात मी तो शब्द लिहीत नाही. दिसायला आडकाठी काय होती, झाड होतं का, उभी गाडी होती का, ते लिहितो. काही नसेल तर 'रस्ता मोकळा व दृष्टिपथात' असं लिहितो आणि सही करतो. त्यावर मग कोणाचं काही चालत नाही.

११ मार्च

तपासणीचा आजचा दिवस होता. गेलो नाही. त्याऐवजी जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. तिथला मालक साखरतोंड्या माझ्या ओळखीचा. हे नाव मी ठेवलेलं. बोलण्यात इतकी साखर की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी.

मागच्या बाजूला, ताडपत्री अर्धी सरकलेली, ती उभी होती. गर्द हिरवी. दोनच सीट, उघडणारा टप, सहा गियर, जमिनीला इतकी चिकटून की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. मी नुसता हात फिरवला. दाराच्या फटी चारही बाजूंनी सारख्या. म्हणजे कधी ठोकलेली नाही.

"तीन वर्षांची व्हायची आहे," साखरतोंड्या म्हणाला. "दातांच्या डॉक्टरची. त्यांची पाठ धरली, उतरता येईना. आणि तुम्ही हो कशाला? नातवाला कुठे बसवणार?"

"बघतोय नुसती."

"बघा बघा. बघायला पैसे पडत नाहीत."

आयुष्यभर मी नाकासमोर बघून चालणारा माणूस. सगळ्या गाड्या पांढऱ्या नाहीतर राखाडी, दुसऱ्या हातच्या, चार दारांच्या. घसाऱ्याचा पहिला मार आधीच्या मालकाने खायचा आणि गाडी शहाणी झाल्यावर आपण घ्यायची, हा माझा धर्म. लोकांनाही मी हेच सांगत आलो. हौशी लोक माझ्या टेबलासमोर रडत बसायचे की साहेब एवढी कशी उतरली किंमत, आणि मी म्हणायचो, हौस केलीत ना, मग.

आज मला पहिल्यांदा कळलं की ते लोक रडताना मूर्ख दिसत नसत.

१५ मार्च

दोन सीटच्या गाडीचा घसारा चार दारांच्या गाडीपेक्षा वेगाने पडतो, कारण गिऱ्हाईक थोडं. पहिल्या वर्षात दगडासारखी किंमत खाली येते, तिसरं पूर्ण झालं की आमच्या घसाऱ्याच्या कोष्टकात गाडी खालच्या रांगेत जाते आणि तिथून उतार सौम्य होतो. हिरवी गाडी जूनमध्ये तीन पूर्ण करते. आज घेतली तर एक पूर्ण रांग माझ्या डोक्यावर. जूनमध्ये घेतली तर दातांच्या डॉक्टरच्या.

जूनमध्येच घ्यायची. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणेल.

२३ मार्च

हल्ली ही गाडीत फार बोलते.

नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली हिची. दिवसभर लोकांना जोडून द्यायचं, 'थांबा, लावते' म्हणायचं. घरी आली की तोंडाला कुलूप. तीस वर्षं मी शांत गाडीतून फिरलो आणि मला ते आवडायचं, इंजिनाचा आवाज ऐकू येतो. गेल्या थंडीपासून मात्र काय झालंय कळत नाही. साठलेलं बाहेर पडतंय बहुतेक.

आज बाजारात जाताना सगळा वेळ, "अगंबाई, ती सायकल बघा, किती पिवळी. डावीकडे हो, आपल्या जवळच. तो म्हातारा बघा कसा उतरलाय रस्त्यावर, काठी टेकत. ही शाळा सुटली वाटतं, केवढी पोरं." मी म्हटलं, "अगं, मला दिसतंय. मी काय आंधळा आहे?"

ही म्हणाली, "तुम्हाला नाही हो, मी आपली माझ्याशीच बोलते," आणि पुढच्या चौकात पुन्हा सुरू, "लाल गाडी वळतेय वाटतं."

मागे बसून गाडी चालवणाऱ्या बायका ऐकून होतो. ही शेजारी बसून चालवते.

५ एप्रिल

लेक आली होती, छोट्याला घेऊन. जाताना म्हटलं, मी सोडतो दोघांना. तिने मोबाइल काढला, "नको बाबा, टॅक्सी बोलावली."

"फुकटची गाडी दारात आणि टॅक्सी?"

"बाबा, मागे तो खांब आठवतो ना?"

गेल्या थंडीत वळताना एका दिव्याच्या खांबाला आरसा घासला होता. खांब नगरपालिकेने रस्त्यात आणून रोवलाय, त्याला मी काय करू? आरसा मी स्वतः बदलला. तेवढ्यावरून तेव्हापासून छोट्याला माझ्या गाडीत पाऊल टाकू दिलेलं नाही. मी बरंच बोललो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं तीही म्हणाली. जावयाने कान भरलेत दुसरं काय.

ही मध्ये पडली नाही. खिडकीत उभी राहून टॅक्सीला हात करत होती.

एकटाच गाडीत जाऊन बसलो आणि रडलो. रडताना सुद्धा हात स्टिअरिंगवरच. सोळाव्या वर्षापासून मला या एका गोष्टीत कोणी नावं ठेवली नव्हती. अभ्यासात ठेवली, दिसण्यात ठेवली, लग्न जमताना तर घाऊक ठेवली. गाडी चालवण्यात नाही.

१८ एप्रिल

आज चालवली.

हिला सांगावंच लागलं. वाटलं होतं म्हणेल, साठी बुद्धी नाठी. ती भाजी निवडत होती, हात थांबले. "दोनच सीट?" एवढंच विचारलं.

"दोनच."

"मग एक माझी. मी बसणार. प्रत्येक वेळी."

"तुला वेगाची भीती वाटते."

"वाटू दे."

साखरतोंड्याला बरोबर यायचं होतं, पण ही आधीच बसून पट्टा लावून मोकळी. तो बिचारा रस्त्यावर उभा. आम्ही धरणाच्या रस्त्याला गेलो. तिसऱ्यात टाकली, वळणावर पाय थोडा उचलला, पुन्हा दिला, आणि गाडी अशी वळली की मी मनात म्हटलं आणि ती वळली, मध्ये हात नव्हतेच. पाठीला रस्त्याचा खडा न् खडा कळतो. कित्येक वर्षांनी मला वय नव्हतं. मी हसत होतो. मोठ्याने.

ही सगळा वेळ बोलत होती. "पुढे ट्रॅक्टर. आता डावीकडे गुरं आहेत, तीन. वळणावर कोणी नाही. कोणी नाही. आता एक बाई." पांढरीफटक पडली होती, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरलेली, डोळे रस्त्याला चिकटवलेले. एकदाही बाजूचं पाणी बघितलं नाही. मी म्हटलं, "अगं, धरण बघ," तर म्हणाली, "तुम्ही सांगा कसं आहे ते."

चांगली गाडी हिच्यावर वाया आहे.

३० एप्रिल

साखरतोंड्याचा फोन. म्हणे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं, आजच्या आज टोकन द्या. आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस. मला जूनपर्यंत थांबायचंय हे त्याला कळलंय. मी म्हटलं, खुशाल विका.

फोन ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. विकली तर? पण नियम म्हणजे नियम. इतकी वर्षं लोकांना सांगितलं आणि स्वतःवर वेळ आली की मोडायचा?

१२ मे

कारण नसताना चिडचिड होतेय. लोकांना चालायची शिस्त राहिलेली नाही. बाजारात एक पोरगा अचानक अंगावर आला, त्याच्या हातातली अंडी फुटली. ऑफिसात कोणीतरी कचऱ्याची बादली वाटेत आणून ठेवली, मी तिच्यावर अडखळलो. घरात जेवणाचं टेबल हिने भिंतीला लावून टाकलंय, म्हणते मोकळं वाटतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली. घर आहे की विमानतळ?

या डायरीचा कागदही यंदा लहान केलाय. लिहिता लिहिता ओळ टेबलावर जाते.

२७ मे

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून पुन्हा फोन. उचलला नाही. आता नंबर ओळखीचा झालाय.

आज ऑफिसात फाइल उघडून बसलो आणि अक्षरं दिसत असून वाचता येईनात. डोळ्यांचं काही नाही, मनाचं. गाडी गेली की माझं काय राहतं? मी गप्पा मारणारा माणूस नाही, मित्र नाहीत, देवधर्म नाही. घरी पोचलो की सोफ्यावर एक म्हातारा बसतो, त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. जो काही मी आहे तो घर आणि काम यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. तोच काढून घेणार. कोणावर ओरडावं हेही कळत नाही. विम्यात निदान समोरची पार्टी असते.

कोष्टकात घालून पाहिलं. हिरवी गाडी जूनमध्ये घ्यायची आणि सप्टेंबरनंतर विकायची म्हटलं तर घसाऱ्यात पैसे किती जाणार, आणि आनंद किती? दर किलोमीटरला किती? भागाकार करायला बसलो आणि तासभर कागदाकडे बघत राहिलो. एका बाजूला आकडा आहे. दुसऱ्या बाजूला मी धरणाच्या रस्त्यावर हसत होतो. त्याला भागायचं कशाने?

८ जून

घेतली. आजच रांग बदलली. साखरतोंड्याने कुरकुर केली, मी कोष्टक दाखवलं, तो शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही देवाकडे गेलात तरी त्यालाही घसारा लावाल." दुसरं गिऱ्हाईक वगैरे काही नव्हतं.

हिला म्हटलं, "पैसे बुडाल्यातच जमा आहेत बरं." ही म्हणाली, "हौसेला मोल नसतं." इतक्या वर्षांत हिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "फक्त मला सोडून जायचं नाही कुठे." लाडात आल्यासारखं बोलते या वयात.

१३ जून

रोज संध्याकाळी, उजेड असताना, धरणापर्यंत आणि परत. ही शेजारी. बडबड चालू. दिव्य गाडी आहे. तिच्यासाठी तरी मला ती बडबड बंद असलेली हवी. एकदाच. नुसतं इंजिन, वारा आणि मी. एकदा तसं झालं की सप्टेंबरात किल्ली देईन म्हणतो. खरंच देईन.

१७ जून

एप्रिलमध्ये ज्या वळणावर मी सहज पाय उचलला होता, तिथे आज हिने "दगड, दगड" म्हटलं आणि मग मला दगड दिसला. केवढा होता. एप्रिलमध्ये तो नसावा.

२० जून

छोट्याला ताप. ही लेकीकडे राहायला गेली. जाताना दारात उभं राहून मला म्हणाली, "मी येईपर्यंत गाडी काढायची नाही. शब्द द्या."

दिला. उद्या रविवार.

२१ जून

आता दुपार आहे. आजचं आजच लिहायला हवं, उद्या मी ते गुळगुळीत करीन.

सकाळी ऊन चढल्यावर काढली. टप उघडला. रस्ते रिकामे, रविवारची दुकानं नुकती उघडत होती. धरणाचा रस्ता मी एकट्याने गेलो आणि आलो. जे हवं होतं ते सगळं मिळालं. शेजारची सीट रिकामी, कानात फक्त इंजिन, चौथ्यातून तिसऱ्यात येताना ती जो घोगरा आवाज काढते तो सबंध ऐकला. याहून चांगलं मी आयुष्यात कधी चालवलेलं नाही. हे मला लिहून ठेवायचंय, कारण ते खरं होतं. मी पूर्ण सुखात होतो.

परत येताना बेकरीच्या चौकात, पांढऱ्या पट्ट्यांवर, बॉनेटच्या पुढे एक बाबागाडी उभी होती.

पाय आपोआप दाबला गेला. गाडी थांबली. ब्रेक उत्तम आहेत या गाडीचे. मधे वीतभर जागा राहिली असेल. बाबागाडीच्या दांड्यावर एका बाईचे हात होते. तिच्याकडे मी वर बघितलं तेव्हा ती दिसली. आतलं बाळ झोपलेलं होतं.

ती ओरडली नाही. नुसती बघत राहिली. मी उतरलो आणि म्हणालो, "बाई, तुम्ही अचानक समोर आलात."

"अचानक?" ती म्हणाली. "मी मघापासून इथे उभी आहे. तुम्हाला हात केला मी. तुम्ही थांबताय असं वाटलं म्हणून उतरले. माझ्याकडेच तर बघत होतात."

आणि मग सवयीने, निव्वळ सवयीने, माझ्या तोंडून निघालं, "त्याआधी तुम्ही कुठे होतात?"

तिने हात केला. मी तो हात कुठे जातोय ते बघायला मान वळवली. बेकरीचं दार, तिथून सबंध लांब फुटपाथ, तिथून पट्ट्या. झाड नाही. उभी गाडी नाही. फलक नाही. लख्ख ऊन. एवढं अंतर ती बाबागाडी ढकलत चालत आली होती आणि मी तिच्या दिशेने येत होतो.

रिपोर्ट माझा असता तर मी काय लिहिलं असतं ते मला पाठ आहे. रस्ता मोकळा व दृष्टिपथात. खाली सही.

बाई निघून गेली. माझी माफी तिने ऐकून घेतली की नाही माहीत नाही. मी गाडी ढकलत कडेला लावली. इंजिन चालू करायची हिंमत झाली नाही. बेकरीच्या पायरीवर बसलो आणि हिला फोन केला. म्हटलं, "गाडी काढली मी." पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कोणाला लागलं?" मी नाही म्हटलं. "कुठे आहात? हलू नका तिथून."

टॅक्सीने आली. उतरल्या उतरल्या आधी गाडीचा पुढचा भाग बघितला, मग मला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "मला कडेचं दिसत नाही. मार्चपासून माहीत आहे मला. तुला सांगितलं नाही."

"चला घरी," म्हणाली. "चालत जाऊ. जवळच आहे."

गाडी तिथेच सोडली. दोघं निघालो. तिने माझा दंड धरला, आणि दोन पावलांवर सुरू झाली, "पुढे पायरी आहे, उतरायची. उजवीकडून एक माणूस येतोय, कुत्रा आहे बरोबर, पांढरा. आता दोन सायकली." तोच सूर. बाजाराचा, धरणाचा, इतक्या महिन्यांचा. पायरी होती. माणूस आला, कुत्रा पांढरा होता. एक सायकल माझ्या कोपराला चाटून गेली आणि ती जाईपर्यंत माझ्या जगात नव्हती.

मी थांबलो. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्या खांबापासून."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"रोज बोलतच होते की."

फुटपाथवर उभा राहून मी रडलो. येणारे जाणारे बघत असतील. मला दिसले नाहीत.

नंतर घरी आल्यावर भांडलो, तेही लिहायला हवं. मी म्हटलं, तू किल्ली लपवायला हवी होतीस, लेकीला सांगून मला अडवायला हवं होतं, आज ते मूल मेलं असतं. ती म्हणाली, "हो. चुकलं माझं. तुमच्या तोंडाकडे बघून नाही झालं माझ्याच्याने. वाटलं सप्टेंबरपर्यंत मी पुरेन." मी तेव्हापासून त्या बाळाचं तोंड आठवायचा प्रयत्न करतोय. टोपी निळी होती.

२९ जून

तपासणी झाली. ही बरोबर होती. एका पांढऱ्या गोलाकडे बघत राहायचं आणि कडेला ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. मला वाटलं यंत्र बंद पडलंय, ठिपकेच येत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. दोन काळे चौकोन, प्रत्येकाच्या मध्ये नाण्याएवढं पांढरं.

"मार्चमध्येच तपासणीला आला असतात तर डोळे वाचले नसते," त्या म्हणाल्या. "पण रस्ता वाचला असता."

मी मान खाली घातली. मी जूनची वाट बघत होतो. गाडी एक रांग खाली यावी म्हणून.

लायसन आजच परत केलं. खिडकीतल्या माणसाने शिक्का मारला आणि विचारलं, "पुढचा कोण?"

६ जुलै

गाडी साखरतोंड्याला परत द्यायची ठरलं. त्याने फोनवर जो आकडा सांगितला तो ऐकून एरवी मी त्याची सालं काढली असती. महिन्याभरात इतकं? पण मालक बदलला की आणखी एक पायरी खाली, हे मीच लोकांना सांगत आलोय. बरं म्हटलं.

बेकरीपासून गाडी जावयाने दारात आणून ठेवली होती. चालवत न्यायला लेक आली. मला वाटलं होतं, शेजारी मी बसेन, शेवटचं. लेकही म्हणाली, "बसा बाबा, धरणावरून वळसा घालून नेते." मी दार उघडलं. मग हिच्याकडे मान वळवली. ही मागे भिंतीशी उभी होती, ओढ्यात उतरायच्या आधी मुलं उभी राहतात तशी. हातात रुमाल होता, वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून बांधायचा. कशाला आणला होता देव जाणे, जागा तर एकच होती.

मी म्हटलं, "तू जा."

"मी कशाला? तुमची गाडी."

"जा म्हणतो ना."

गेल्या. गियर टाकताना लेकीने पहिल्यांदा ओढाताण केली, दुसऱ्यांदा बरोबर टाकला. आवाज वळणापर्यंत ऐकला. मग पायरीची पांढरी पट्टी बघून बसलो. त्या किती वेळ गेल्या होत्या सांगता येणार नाही, एका फेरीला लागतो त्याहून बराच जास्त.

परत आल्या टॅक्सीने. हिचा रुमाल सुटून गळ्यात आला होता, केस पिंजारलेले, गाल लाल. अशी मी हिला फार वर्षांत पाहिलेली नाही. आत न जाता माझ्या शेजारी पायरीवरच बसली.

"अहो," म्हणाली, "त्या धरणाला पलीकडून एक ओढा येऊन मिळतो. आणि पाण्यात मधोमध बेट आहे, झाडं आहेत त्याच्यावर. माहीत होतं तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

लेक टॅक्सीवाल्याला पैसे देऊन आली. "आईला काय झालं होतं हो बाबा? मला वाटलं माझं चालवणं आवडलं नाही. सबंध रस्ता ही एक अक्षर बोलली नाही."

मी हिच्या गळ्यातला रुमाल हातानेच चाचपून नीट केला.